हाताला येईल तिथं

बातमी आली तेव्हा मी कुकर विकत होते. देवरीच्या बाजारात आमचं भांड्यांचं दुकान आहे, आणि दुकानात गिऱ्हाईक समोर आलं की माझी जीभ माझ्या ताब्यात राहत नाही. समोर जंगलपट्टीतल्या एका गावची बाई होती, नव्या सुनेसाठी कुकर घ्यायला आलेली. मी तिला सांगत होते, की आमच्या घरी याच कुकरात एकदा चुकून लोखंडी खलबत्ता राहिला, तर तिसऱ्या शिट्टीला तोसुद्धा मऊ पडला. बाई पदर तोंडाला लावून हसत होती. तेवढ्यात फोन वाजला. माझ्या धाकट्या जावेचा मुलगा विलास नागपूरच्या दवाखान्यातून बोलत होता. "मोठीमाय, माय गेली." एवढंच. मी फोन ठेवला आणि कुकरचं झाकण लावायला घेतलं. ते काही केल्या बसेना. जन्मभर लोकांना जे झाकण डोळे मिटून लावून दाखवलं, ते बसेना... शेवटी त्या बाईनंच माझ्या हातून कुकर काढून खोक्यात ठेवला, माझ्या चपला शोधून पायाशी सरकवल्या, शटर अर्धं ओढलं आणि म्हणाली, "जा माय. मी दुसऱ्या बाजाराले येतो."

देवांगना माझी धाकटी जाऊ. आम्ही दोघी आयुष्यभर एकाच घरात, एकाच स्वयंपाकघरात राहिलो. ती रांधायची आणि मी बोलायची, अशी आमची वाटणी होती. माझ्या बोलण्यातून अर्धं वजा करून उरलेलं तपासून घ्यावं, असा आमच्या गावाचा नियम आहे. पण मी काहीही फेकलं, म्हैस झाडावर चढली म्हणून सांगितलं, तरी देवांगना कढईवरची नजर न काढता "हाव" म्हणायची. तिच्या त्या एका 'हाव'वर माझ्या कित्येक म्हशी झाडावर चढल्या. गावाला वाटायचं, ही गरीब बाई कशाला खोटं बोलेल! आता ती जाऊन महिना उलटून गेला. मी दुकानात अजून बोलते, पण वाक्य संपलं की कान उगाच मागे वळतात.

तेरवी झाल्यावर माझा मुलगा, सून रूपाली आणि विलास असे तिघं माझ्यापुढे येऊन बसले. म्हणाले, स्वयंपाकघर आता तुझ्या हिशोबानं लावून देऊ. तुझी कमर, तुझं वय, आता सगळं तुलाच बघायचं. गोंदियाहून मिस्त्री बोलावतो, तू फक्त हो म्हण. मुलं मायेनंच बोलत होती, त्यांच्याकडे बोट दाखवायला जागा नाही. पण मला त्या खोलीतून देवांगनाला एकेक डबा करून बाहेर काढल्यासारखं वाटत होतं. दिवसभर लोकांना नवी भांडी, नवे कप्पे, नव्या शेगड्या घ्या म्हणून घसा कोरडा करणारी मी, माझ्याच घरी मला 'हो' म्हणता येईना.

देवांगना नवरी होऊन आली तेव्हाच फार बुटकी होती. मी तर सगळ्यांना सांगते, वरातीतून उतरली आणि सापडेचना, शेवटी अक्षतांचे तांदूळ सुपात घेऊन निवडले तेव्हा मिळाली. मी उलट उंच. लग्नात माझ्या नवऱ्याला हार घालायला मला वाकावं लागलं होतं, आणि हे मात्र वजा करू नका, खरं आहे. पण तेव्हा आमच्या घरी मातीची चूल होती आणि सगळा स्वयंपाक बसून व्हायचा. चुलीपुढे बसलं की उंच काय आणि बुटकी काय, सगळ्या सारख्याच. धुराला सगळ्यांचे डोळे सारखेच लागायचे. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत शेतावरच्या बायांचं जेवण आमच्याच चुलीवर व्हायचं. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, लाखोळीची डाळ शिजत असायची, मी फुंकणी घेऊन बसायची, ती डाळ घोटायची, आणि भाताची वाफ अशी सुटायची की रायपूरकडे निघालेले ट्रक हमरस्त्यावर आपोआप हळू व्हायचे. ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारायचे, बिलासपूर अजून किती लांब आहे, आणि खरं तर त्यांना विचारायचं असायचं, जेवण आहे का.

मग गॅस आला आणि उभ्यानं रांधायचा ओटा आला, तिथे आमची उंची एकमेकींपासून वेगळी झाली. गवंडी माप घ्यायला आला तेव्हा बडबड माझीच चाललेली, म्हणून त्यानं मलाच उभं केलं आणि माझ्या कमरेला ओटा बांधून मोकळा झाला. देवांगना पहिल्या दिवशी त्या ओट्यापुढे उभी राहिली तर कढईत काय आहे ते तिला वासावरून ओळखावं लागलं. संध्याकाळी तिचा नवरा, म्हणजे माझे भाऊजी, बिजाच्या लाकडाचा एक तुकडा घेऊन आले आणि अंगणात रंध्यानं घासत बसले. बोलण्यात भाऊजी ओल्या लाकडासारखे, पेटता पेटत नाहीत. त्यांनी पाट तयार करून ओट्यापुढे ठेवला आणि बैल बांधायला निघून गेले. देवांगना त्या पाटावर चढली ती चढलीच. भाजी टाकायला वर, पाणी घ्यायला खाली, मिठाला वर, माठाला खाली. आयुष्यभरात ती त्या पाटावरून जेवढी चढली-उतरली, तेवढ्यात रोज आमच्या गोंदियाकडचा प्रतापगड चढून, दर्ग्यावर डोकं टेकून, चहाच्या वेळी घरी परत आली असती.

पण त्या पाटाचा एक फायदा होता, तो आता सांगायला हवा. तिच्याशी एरवी बोलताना मला खाली बघावं लागायचं आणि तिला मान वर करावी लागायची. पाटावर उभी राहिली की तिचा खांदा माझ्या खांद्याला यायचा. डोळ्यात डोळे घालून आम्ही बोललो त्या फक्त ओट्यापाशी. दुकान बंद करून मी घरी यायची, तांब्याभर पाणी पिऊन तिच्या बाजूला उभी राहायची, आणि दिवसभरात बाजारात जे घडलं आणि जे घडलंच नाही ते सगळं तिच्या कानात ओतायची. ती भाकर थापत ऐकायची. मध्येच म्हणायची, "बाई, त्या ठाणेदाराच्या बायकोले मागच्या खेपेले तुमी जाडी सांगतली होती, आज बारीक करून राहिल्या." माझ्या थापांचा एवढा बारीक हिशोब मीसुद्धा ठेवत नाही!

दुकानात जे नवीन येईल ते आधी घरी न्यायची माझी पद्धत होती. देवांगनाच्या हाताखालून गेल्याशिवाय मी वस्तू मांडायची नाही. विजेवरचा भात शिजवायचा डबा आला तेव्हा ती त्याच्यापुढे पाटावर हात बांधून उभी राहिली. ना जाळ, ना ढवळणं. शेवटी बटण टक्क झालं तशी दचकली आणि म्हणाली, "भात झाला वो बाई, पन घरात भात शिजून राहिला होता असं काही वाटलं नाही." मिक्सरची चटणी चाखून म्हणाली, "ही कोनाच्याही घरची वाटते." धूर ओढणारी चिमणी बसवली तेव्हा तिला सगळ्यात जास्त राग आला. "फोडणीचा वास आधी शेजारी जाते. आपल्या घरी काय रांधलं ते आपल्याले मागून समजते. हे कायले लावलं?" आणि मी दुसऱ्या दिवशी दुकानात त्याच चिमणीवर हात ठेवून बायांना सांगायची, आमच्या जावेनं हिच्याखाली इतकी वर्षं रांधलं, साडीला वास नाही! एखादी संशयी बाई खात्री करायला घरापर्यंत जायची. देवांगना पदरानं हात पुसत तिच्याकडे बघायची, आणि काय म्हणायची ते मी आधीच सांगितलं आहे.

काही वर्षांपूर्वी घर नव्यानं बांधायला काढलं. मुलांनी गोंदियाचा एक तरुण मिस्त्री आणला, तयार कप्प्यांची स्वयंपाकघरं बसवणारा. तो लॅपटॉपवर आमचं घर फिरवून फिरवून दाखवू लागला. त्यात दोन स्वयंपाकघरं होती, एक खाली आणि एक वर. दिवाळीला सगळे जमले की गर्दी होते, म्हणून मुलांनी सोयीसाठी काढलेलं. देवांगना पडद्याकडे बघत राहिली. मग तिनं मला विचारलं, "बाई, आपून भांडलो काय?"

"नाही वो," मी म्हटलं.

"मंग चूल वेगळी काऊन करून राहिले हे?"

मिस्त्री घाईनं म्हणाला, "नहीं आंटी, आजकल सब जगह ऐसाच रहता."

"राहत असंल. मंग वरच्या चुलीवर कोन जाईल? ह्या का मी? पहिले ते सांग, मंग चित्र फिरव."

वरचं स्वयंपाकघर तिथल्या तिथे रद्द झालं, आता तिथे धानाची पोती असतात. मग रंगाची गोष्ट निघाली. तो म्हणाला, ऐसा कलर देता हूँ जिसमें दाग दिखेगा ही नहीं. देवांगना म्हणाली, "मले दिसते तो रंग पाहिजे. डाग दिसलाच नाही त पुसू काय?" म्हणून आमचं स्वयंपाकघर दुधाच्या सायीच्या रंगाचं आहे. आपोआप हळूच मिटणारे ड्रॉवर तिला त्यानं मोठ्या कौतुकानं दाखवले. तिनं दोनतीनदा जोर लावून आपटून बघितलं, ते तरी हळूच मिटले. तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाली, "आता राग आला त आपटू काय बाई?"

ओट्याचं माप घ्यायच्या दिवशी मी मुद्दाम दुकान उशिरा उघडलं. दिवसभर ओट्यापाशी तीच असते, म्हणून माप देवांगनाचं घ्यायचं असं मुलांनी ठरवलं होतं. मिस्त्री लाल ठिपक्याचं यंत्र घेऊन आला आणि तिला म्हणाला, "आंटी, जैसे रोज खड़े रहते, वैसेच खड़े हो जाओ." आणि मी त्याला नागझिऱ्याच्या वाघाची गोष्ट सांगायला लागले. देवांगनानं एकदा कोंबडीचा रस्सा केला होता, त्याचा वास धरून नागझिऱ्यातून एक वाघ निघाला, डोंगर उतरून देवरीपर्यंत चालत आला, आमच्या परसात बसून राहिला आणि रस्सा संपला आहे हे कळल्यावर तोंड पाडून परत गेला. पोराचं अर्धं लक्ष वाघाकडे. त्यानं ठिपका कोपरावरून जमिनीवर पाडला, आकडा लिहिला आणि विचारलं, "फिर क्या हुआ आंटी?"

फिर असं झालं, की नवीन ओटा बसला तो देवांगनाच्या छातीला आला. मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. यंत्र काढतो, पुन्हा ठिपका पाडतो, तिच्याकडे वरखाली बघतो. "आंटी... आप छोटी हो गई क्या?" भिंतीला टेकून उभा ठेवलेला पाट भाऊजींनी आधी बघितला, मग माझ्या लक्षात आला, आणि घरात जो हशा पिकला तो हमरस्त्यावरच्या धाब्यापर्यंत ऐकू गेला असेल. माप घेताना ती पाटावर उभी होती! लुगड्याच्या घोळाखाली पाट दिसलाच नव्हता.

"काऊन वो," मी हसून हसून डोळे पुसत विचारलं, "उतरली काऊन नाही?"

"त्यानं म्हटलं, रोज राहता तशा राहा. मी राहिली."

"तुले समजलं नाही काय, पाटावर आहे म्हनून?"

"मी तुमचा वाघ आयकून राहिली होती."

पोरगा बिचारा हात जोडून म्हणाला, ओटा काढून कमी करून देतो, माझी चूक आहे. देवांगनानं पाट पायानं ओढला, त्याच्यावर चढली, दोन्ही हात नव्या दगडावर फिरवले आणि म्हणाली, "राहू दे भाऊ. आता या वयात बुटकी कायले होऊ?"

ओटा तसाच राहिला. माझ्या कमरेला मात्र असा बरोबर आला, जसा माझंच माप घेऊन केला होता. दुकानात दिवसभर खोकी उचलून माझी कमर तेव्हा अशी झाली होती, की वाकले तर परत सरळ करायला दोन माणसं लागायची. त्या ओट्यापाशी उभी राहिले की बरं वाटायचं. देवांगना वाघच ऐकत होती की आणखी काही मनात होतं, हे मी तिला पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिनं तोच वाघ माझ्या अंगावर सोडला असता.

मागच्या पावसाळ्यानंतर तिचं दुखणं सुरू झालं. देवरी झालं, गोंदिया झालं, मग विलास तिला नागपूरला घेऊन गेला. तिथून ती रोज संध्याकाळी, आमच्या ओट्यापाशी उभं राहायच्या वेळेला, फोन करायची. आवाज एवढासा झाला होता. "बाई, आज काय रांधलं?" आता खरं सांगायचं तर ती नागपूरला गेल्यापासून घरी चूल म्हणावी अशी पेटतच नव्हती. भाऊजी दूधभात खायचे आणि मी चहात टोस्ट बुडवायची. पण मी तिला सांगायची, आज वडाभात केला, आज पातोडीची भाजी केली, अशी झाली की भाऊजींनी गंज चाटला, शेजारचे वाट्या घेऊन आले, रांग पार बसस्टँडपर्यंत गेली! शेवटच्या फोनवर मी तिला आयते केल्याचं सांगितलं, तांदळाचे, जाळीदार, एवढे पातळ की त्यातून पलीकडचा पेपर वाचता यायचा. माझ्या हातानं जन्मात एक आयता तव्यावरून आख्खा निघालेला नाही. पलीकडून ती म्हणाली, "हाव."

तेरवीनंतर विलासनं तो पाट मागितला. त्याच्या लहान मुलीचा हात बेसिनला पोचत नाही, तिला होईल म्हणाला. मी दिला. बरं वाटलं उलट, पाटावर पुन्हा कुणी बुटकं उभं राहील म्हणून. आणि त्याच वेळी मुलांना 'हो'ही म्हणून टाकलं. म्हटलं, दुकानदारीण आहे मी, जुनं कवटाळून बसले तर लोक हसतील.

तोच मिस्त्री आला. आता त्याला पोट सुटलं आहे, पण बोलणं तसंच. त्यानं वरच्या कप्प्यांची दारं उघडायला सुरुवात केली, एक, दुसरं, सगळी. आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आंटी, ये तो यूज ही नहीं हुआ." वरचे सगळे कप्पे रिकामे होते. फळ्यांवरचा कारखान्यातला पातळ प्लास्टिकचा कागदसुद्धा तसाच होता. खाली मात्र एक बोट ठेवायला जागा नव्हती. मीठ, तिखट, हळद, चहापत्ती, डाळी, पापडांचा डबा, सगळं अगदी खालच्या ड्रॉवरमध्ये, जमिनीलगत, एकाला एक चिकटून. पाटावर चढूनही तिचा हात त्या वरच्या कप्प्यांना पोचत नव्हता. इतकी वर्षं मी तिच्या बाजूला उभी राहून जगभरच्या गप्पा ठोकल्या, माझं डोकं त्या कप्प्यांच्या दारांना घासत होतं, आणि एकदाही मी वर हात घालून बघितलं नाही. मला मीठ लागलं की तीच वाकून काढून द्यायची ना...

नवं काही बसवायची गरजच उरली नाही, म्हणून मिस्त्री परत गेला आणि रूपालीनं एका दुपारी सगळं नीट लावून दिलं. मीठ, तिखट, चहापत्ती, रोजचं सगळं वर, माझ्या डोळ्यांसमोर. डब्यांवर नावं चिकटवली. "आई, आता वाकाचं कामच नाही," म्हणाली, आणि ती आणि माझा मुलगा गोंदियाला परत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करायला उठले आणि वाकून खालचा ड्रॉवर ओढला. रिकामा. तो हळूच आपोआप मिटला. संध्याकाळी मिठासाठी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी मिठाचा आणि चहापत्तीचा असे दोनच डबे खाली आणून ठेवले आणि ड्रॉवर लोटून दिला, जसं काही केलंच नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी बघते तर खाली तिखटाचाही डबा होता. मग हळदीचा. मग डाळी आल्या, एकेक करून. मी त्या आणल्या नव्हत्या. माझा नवरा केव्हाच गेलेला, घरात आता दोनच माणसं, मी आणि भाऊजी, आणि तो पाट ठेवायला आले तेवढं सोडलं तर भाऊजी उभ्या जन्मात पाण्याच्या माठापलीकडे स्वयंपाकघरात गेलेले मला आठवत नाहीत. मी त्यांना विचारलं नाही. त्यांनीही मान वर केली नाही.

रविवारी रूपाली आली, वरचं दार उघडलं आणि तशीच उभी राहिली. "आई, डबे खाली कोनं नेले?"

गावाला रांगेत उभं करून जेवू घालणारी मी, मला एक थाप सुचली नाही. भाऊजी ओसरीवर सुपारी कातरत होते, त्यांचा अडकित्ता थांबला. रूपालीनं माझ्याकडे बघितलं, दारातून त्यांच्याकडे बघितलं, आणि वरचं दार हलकेच लावून घेतलं. "भात मांडू काय?" तिनं विचारलं.

"मांड," मी म्हटलं, आणि मिठासाठी खाली वाकले. वर यायला जरा वेळ लागला. लागू दे.